दोन गॅरेज, एकच पान

दाजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या नाकातून रक्त वाहत होतं आणि बादलीवर वाकल्या वाकल्या ते मला म्हणत होते, "या, बसा. जरा हे थांबलं की बोलतो." लग्न ठरल्यावर मी सासर बघायला गेले होते. माझा होणारा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ यांची एका जॅकवरून जुंपली होती आणि दाजी मध्ये पडले होते. मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. फिरले नाही, आता बोलून काय उपयोग.

दाजी म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान. नणंद दोन्ही भावांहून मोठी, शाळेच्या ऑफिसात कारकून. तिला सगळे ताई म्हणतात, मीही म्हणते. सासऱ्यांचं गाड्यांच्या डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. चेपलेल्या गाड्या ते ठोकून सरळ करायचे, आणि मुलांनाही. भिंतीवरच्या खिळ्याला एक फॅनबेल्ट कायम टांगलेला असायचा, तो गाडीला लावायचा नव्हता. त्यामुळे दोन्ही मुलगे कसे निघाले ते सांगायला नको. थोरल्याचा हात सुटायला कारण लागत नसे. धाकट्याला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, कारण लागायचं, पण ते तो कुठूनही शोधून आणायचा.

आणि या दोन रेड्यांच्या मध्ये दाजी. खांदे पुढे आलेले, खिशाला दोन पेनं, आवाज इतका हळू की ऐकायला पुढे वाकावं लागे. औषधांच्या दुकानाच्या वर त्यांनी एक खोली घेतली होती. एक टेबल, एक कॉम्प्युटर, खडखडणारा पंखा, आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची. छोट्या दुकानदारांच्या वेबसाइट बनवायच्या आणि नेटवर कोणी शोधलं तर त्या वर दिसतील असं बघायचं, हा त्यांचा धंदा. त्यांच्या मऊ आवाजाला भुलून कोणी काही करवून घेईल म्हणाल, तर ते नाही. एका बाबतीत हा माणूस दगडासारखा घट्ट होता. कोणाचा मजकूर उचलून दुसऱ्याला द्यायचा नाही.

एक दातांचा डॉक्टर दुसऱ्या डॉक्टरची वेबसाइट दाखवून म्हणाला, "हेच घ्या, फक्त नाव माझं टाका." दाजींनी त्याला पाणी दिलं आणि वाटेला लावलं. एका गाद्यांच्या दुकानदाराने आधीच कोणाकडून तरी बारा पानं करून घेतली होती, बाराही सारखी, फक्त भागाचं नाव वेगळं. दाजींनी त्यातली अकरा काढून टाकली. तो दुकानदार बोंबलला. दाजी म्हणाले, "हे बघा, दोन मुलांनी सारखीच उत्तरं लिहिली की मास्तर मार्क एकालाच देतो. दुसऱ्याने अभ्यास केला असला तरी. शोधणाऱ्या यंत्राचंही तसंच आहे. दहा माणसांकडून तेच ते ऐकायला त्याला वेळ नाही. एकाला पुढे बसवतं, बाकीचे मागे." एकाच वेबसाइटचं एकच पान दोन पत्त्यांवर उघडत असलं तरी त्यांना चैन पडत नसे. एक पत्ता ते दुसऱ्याकडे वळवून टाकायचे, मगच जेवायला उठायचे.

हे मी एवढ्यासाठी सांगते की पुढे जे झालं ते दाजींना कळत नव्हतं म्हणून झालं नाही. त्यांना सगळं कळत होतं.

सासरे गेले आणि सहा महिन्यांत गॅरेज फुटलं. शेडच्या मधोमध भिंत घालायची ठरली आणि त्या भिंतीची जागा आखताना मोठ्या भावजींनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, माझ्या नवऱ्याला असं काही आपटलं की त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं. गवंड्याने पाहिलं आणि तो दोरी तिथेच टाकून निघून गेला. दुसरा गवंडी आणावा लागला. भिंत झाली. हातोडे वाटले, स्प्रे गन वाटल्या. शेवटी उरली वेबसाइट. सासऱ्यांच्या गॅरेजची ती वेबसाइट दाजींनी पूर्वी हौसेने केली होती आणि निम्मी गिऱ्हाइकं त्यावरूनच यायची.

त्या दिवशी सगळे ताईंकडे बसले होते. नवऱ्याचा हात गळ्यात बांधलेला. मोठे भावजी समोर, मुठी आवळून. ताई म्हणाल्या, "दोघांना एकेक वेबसाइट करा. पण अक्षर इकडचं तिकडे नको. एकाचं पान जरा बरं दिसलं तर दुसरा त्याचं डोकं फोडेल."

"अगं, पण दोन्ही सारखी केली तर..." दाजी म्हणाले.

"तर काय?" मोठे भावजी उठून उभे राहिले. "याला जास्त द्यायचंय का तुम्हाला?"

"मला कमी द्यायचा विचार दिसतो," माझा नवरा म्हणाला.

दाजींनी दोघांकडे पाहिलं. मग ताईंकडे. "काही नाही," ते म्हणाले. "सारखीच करतो."

ज्याला जन्मभर नाही म्हटलं ते त्यांनी घरच्यांसाठी केलं, दोन तलवारी एका म्यानात बसवल्या. फोटो तेच, वाक्यं तीच, गाडीच्या दाराला लांबी, म्हणजे पुट्टी, भरतानाचं वर्णन तेच. फोन नंबर तेवढे वेगळे. दोन्ही पानांवर मथळा होता, 'चाळीस वर्षांचा अनुभव'. माझ्या नवऱ्याचं वय तेव्हा चौतीस.

पहिले काही दिवस दोन्ही दिसली. मग एके दिवशी मोठ्या भावजींचं पान गेलं. म्हणजे होतं जागेवर, पण शोधणाऱ्याला दिसेना. त्यांचं एक जुनं गिऱ्हाईक आमच्या फाटकातून आत आलं आणि मोठ्याने म्हणालं, "नेटवर तुमचंच दिसलं म्हणून इकडे आलो." भिंत सहा फुटांची होती. आवाज पलीकडे गेला.

मोठे भावजी लाकडी हातोडा घेऊन आले. माझा नवरा गाडीखाली झोपला होता. त्यांनी त्याला पायाला धरून बाहेर ओढलं आणि पाठ, मांडी, जे समोर आलं त्यावर हाणत सुटले. नवऱ्याने लाथ मारली ती त्यांच्या पोटात बसली, ते वाकले, तेवढ्यात याने त्यांचं डोकं बंपरवर आदळलं. मी ओरडत होते. गिऱ्हाईक आपली गाडी तिथेच सोडून पळालं. दाजी धावत आले तोवर नवऱ्याचा एक दात जमिनीवर होता आणि भावजींच्या भुवईचं कातडं लोंबत होतं.

फुटपाथवर बसवून दाजींनी दोघांना समजावलं. "तुमचं पान कोणी फेकलेलं नाही. दोन सारखी दिसली की ते एकच पुढे ठेवतं."

"मग याचंच का?" मोठे भावजी भुवईवर फडकं दाबून म्हणाले.

"ते मी ठरवत नाही."

"मग कोण ठरवतं? त्याला घेऊन या इथे!"

मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. दाजी म्हणाले, पानाच्या आत एक ओळ लिहिता येते, दोन सारख्या पानांतलं मूळ कोणतं ते सांगणारी. दोघं एकदम म्हणाले, "माझं मूळ लिहा." दाजींनी सांगितलं की एकाला मूळ म्हटलं की दुसऱ्याने आपण होऊन मागे बसायचं असतं. झालं. मूळ कोण आणि नक्कल कोण, बापाचा खरा वारस कोण, यावरून रक्त सुकायच्या आत पुन्हा धरपकड सुरू झाली.

मग दाजींनी घाबरून शब्द फिरवून पाहिले. एकीकडे 'गाडी', दुसरीकडे 'वाहन'. एकीकडे 'चेपलेली', दुसरीकडे 'दबलेली'. मनातून त्यांना माहीत होतं की हे म्हणजे त्याच माणसाला दुसरा शर्ट घालणं. महिन्याभरात पारडं फिरलं. आता मोठ्या भावजींचं पान दिसायला लागलं आणि आमचं गेलं.

या वेळी माझा नवरा गेला. चाक काढायची पहार घेऊन गेला. मोठे भावजी बॉनेटवर डावा हात टेकवून उभे होते. याने त्या हातावर पहार घातली. हाड मोडल्याचा आवाज मी भिंतीच्या अलीकडून ऐकला. दोन बोटं मोडली. पोलीस आले, दोघांकडून लिहून घेतलं, दम दिला, गेले. घरी येऊन नवरा जेवायला बसला आणि म्हणाला, "आता बोलेल तो?" मी ताट पुढे सरकवलं आणि मनात म्हटलं, यातला एक जण दुसऱ्याचा जीव घेणार. आज नाही तर पुढच्या महिन्यात. दुसरी कसलीच भीती मला उरली नव्हती. उठता बसता हेच, की एक जाळायला न्यायचा आणि दुसरा तुरुंगात.

पारडं पुन्हा फिरलं, आणि पुन्हा फिरलं. दुसऱ्यांदा आमचं पान मागे पडलं त्या दुपारी नवऱ्याने थिनरचा डबा उचलला आणि खिशात लायटर आहे का ते चाचपलं. पलीकडच्या शेडमध्ये मोठे भावजी एकटेच होते. मी फाटकात आडवी उभी राहिले. "अहो, मला मारा, पण तिकडे जाऊ नका." त्याने मला ढकललं. माझं डोकं कॉम्प्रेसरच्या टाकीवर आपटलं आणि रक्त ओघळून डोळ्यांत आलं. ते पाहून तो थांबला. मी आपटले म्हणून वाचले भावजी, एवढीच त्या दिवसाची पुण्याई.

मला टाके घालून आणलं तेव्हा दाजी आमच्याकडे बसले होते. त्यांनी माझ्या डोक्याच्या पट्टीकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे माझ्यामुळे झालं." मी म्हटलं, "तुमच्यामुळे कसं? या रेड्यांमुळे." ते म्हणाले, "नाही. दोन माणसं सारखी आहेत असं मी लिहिलं. ती सारखी नाहीत. मला माहीत होतं आणि तरी लिहिलं."

दुसऱ्या दिवसापासून दाजी त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसेनात. सकाळी ते मोठ्या भावजींच्या शेडमध्ये एका पालथ्या ड्रमवर बसायचे आणि दुपारी आमच्याकडे. वहीत लिहायचे. काय लिहिता विचारलं तर म्हणायचे, "बघतोय." पहिल्या दिवशी मोठ्या भावजींनी त्यांच्या अंगावर पाण्याची बादली ओतली. ते ओल्या कपड्यांत बसून राहिले. चिकाटी म्हणावी की मूर्खपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यांनी जे पाहिलं ते मी इतकी वर्षं रोज पाहत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं. मोठे भावजी चेप बघताना डोळे मिटतात. तळव्यावर फडकं घेऊन पत्र्यावरून हात फिरवतात आणि जिथे थांबतात तिथेच आतून डॉली, म्हणजे लोखंडी ठोकळा, लावून ठोकतात, फार जोरात नाही. माणसांवर चालणारा तोच हात पत्र्यावर किती हलका. दोन बोटं ताठ झालेली असूनही. रंगात मात्र त्यांना गती नाही. त्यांनी रंगवलेलं दार बाकीच्या गाडीशी कधी जुळत नाही. आणि माझा नवरा ठोकायला बसला की पत्रा नुसता आक्रोश करतो, पण रंग जुळवावा त्यानेच. जुन्या गाडीचा उन्हाने उडालेला रंग तो चार डब्यांतून असा तयार करतो की मालकालाही कुठलं दार नवं ते सांगता येत नाही. दिवसाच्या तीन वेगवेगळ्या उन्हांत तो त्याची पट्टी धरून बघतो. एवढा धीर त्याने घरात एकदा जरी दाखवला असता!

दाजींनी जुनी दोन्ही पानं पार काढली आणि नवी लिहिली. एकावर फक्त ठोकण्याचं काम, तळव्याचं, फडक्याचं, डॉलीचं. दुसऱ्यावर फक्त रंग. फोटो नवे, मथळे नवे. कोणी 'चेपलेलं दार' शोधलं तर मोठे भावजी दिसणार, 'उडालेला रंग' शोधलं तर आम्ही. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यांनी दोन्ही पानांच्या शेवटी एकेक वाक्य जास्त घातलं आणि ते कोणाला विचारलं नाही. आमच्या पानावर होतं: 'पत्रा ठोकायचा असेल तर शेजारी माझ्या भावाकडे जा, माझ्याहून त्याचा हात चांगला आहे.' आणि त्यांच्या पानावर: 'रंग माझ्या धाकट्या भावाकडेच करून घ्या, तसा मला जमत नाही.'

पानं वर आली. दोन्ही. फोन दोन्हीकडे वाजायला लागले. एक दिवस आमच्याकडे रंगाला आलेली गाडी नवऱ्याने न बोलता पलीकडे पाठवली, आधी ठोकून घ्या म्हणून. दोन दिवसांनी ती सरळ होऊन परत आली, सोबत आणखी एक. तीन आठवडे भिंतीवरून शिवी आली नाही. मी कान देऊन ऐकायचे, तर नुसता हातोडा. मला वाटलं, सुटलो.

मग एका सकाळी एक गाडी सोडायला मोठे भावजी स्वतः आमच्या फाटकात आले. सहा महिन्यांत पहिल्यांदा रिकाम्या हाताने. मी चहा ठेवला. गाडीच्या दारावरून हात फिरवत ते म्हणाले, "तू माझ्याबद्दल लिहिलंस ते वाचलं. बरं वाटलं."

नवरा म्हणाला, "मी कुठे लिहिलं? तूच आधी लिहिलंस ना माझ्याबद्दल."

"मी?"

मला वाटलं आता दोघं हसतील. हसले नाहीत. दोघांचेही चेहरे एकदम काळे झाले. कधी तोंडातून न निघालेलं कौतुक आपल्या नावावर खपवलं गेलं, गल्लीभर वाचलं गेलं, आणि आपण त्यावर विरघळलो, याची ती शरम होती. चहा तसाच ठेवून ते एका गाडीत बसले. मी मागचं दार उघडून आत शिरले म्हणून, नाहीतर मला तिथेच टाकून जात होते.

दाजी खोलीत एकटेच होते. दार लाथेने उघडलं. मोठ्या भावजींनी त्यांची कॉलर धरून त्यांना खुर्चीतून उचललं. चष्मा खाली पडला आणि कोणाच्या तरी पायाखाली फुटला. "आमच्या तोंडी शब्द घालता? आम्ही म्हटलं होतं का तसं?" एवढ्या रागातही दोघं त्यांना तुम्हीच म्हणत होते.

"म्हटलं नव्हतंत," दाजी म्हणाले. कॉलर आवळल्यामुळे आवाज आणखीच बारीक निघत होता. "पण खोटं काय आहे ते दाखवा. त्यावर बोट ठेवा, ते वाक्य आत्ता काढतो."

पडद्यावर दोन्ही पानं शेजारी शेजारी उघडली होती. मोठ्या भावजींनी पाहिलं. नवऱ्याने पाहिलं. पंखा खडखडत होता. बोट कोणी ठेवलं नाही. भावजींची मूठ कॉलरवर सैल पडायला लागली होती, मी स्वतः पाहिलं.

आणि माझ्या नवऱ्याने दाजींना मारली. उलट्या नव्हे, सरळ पंजाने, कानाखाली, सगळं अंग त्यात घालून. उत्तर नव्हतं म्हणून मारली. दाजी भावजींच्या हातातून निसटून टेबलाच्या कडेवर पडले आणि खाली घसरले. डाव्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवर आली. त्यांनी तिथे हात लावला, हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोणी बोलतंय का?"

माझ्या हाताला कीबोर्ड लागला. तो मी उपटला आणि नवऱ्याच्या तोंडावर घातला. एकदा, दोनदा, बटणं उडून खोलीभर झाली. तिसऱ्यांदा घातला तेव्हा त्याचा ओठ फाटला. त्याने हात वर केला नाही. लग्नाच्या अकरा वर्षांचं मी त्याला त्या एका मिनिटात दिलं आणि मला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही.

दाजींना दोघांनी मिळून जिन्यावरून खाली आणलं, एकाने खांदे, एकाने पाय. दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांनी बघितलं. पडदा फाटला होता आणि आतही मार बसला होता. त्या कानाने आता ऐकू येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. ताई शाळेतून तशाच आल्या, गळ्यात ओळखपत्र, हातात कसलीशी फाइल. आत जाऊन दाजींना बघून आल्या. मग भावांसमोर उभ्या राहिल्या.

"कोणी मारलं?"

"मी," मोठे भावजी म्हणाले.

"मी," माझा नवरा म्हणाला. तो एक श्वास मागे होता.

त्याने मान वळवून भावाकडे पाहिलं. फाटक्या ओठाने त्याला नीट बोलता येत नव्हतं. "दादा, तू नाही मारलंस."

"तू गप्प बस," मोठे भावजी म्हणाले. "ताई, मीच मारलं. याचा काही संबंध नाही."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. त्यांनी फाइल बाकावर ठेवली आणि पायातली चप्पल काढून दोघांनाही बडवलं, डोक्यावर, खांद्यावर, नर्स येऊन त्यांना धरेपर्यंत. दोघं शेजारी शेजारी बसून मार खात होते. भावजींनी मोडक्या बोटांचा हात माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर आडवा धरला होता.

दाजी आता गिऱ्हाइकाला उजव्या बाजूला बसवतात. पानं तशीच आहेत, त्यातलं एकही वाक्य निघालेलं नाही. मोठे भावजी त्या दिवशी बहिणीशी धडधडीत खोटं बोलले आणि तेवढ्या खोट्यासाठी मी त्यांना माझ्या नवऱ्याच्या मोडलेल्या हाडासकट सगळं माफ केलं. माझा नवरा खरं बोलला. त्याला मी अजून माफ केलेलं नाही.